हुंदक्यानंतरचा ‘हं’

जगातली सगळी दुःखं शेवटी एकाच आवाजात रडतात.

हे वाक्य संगमरवरात कोरून एखाद्या थोर पुरुषाच्या पुतळ्याखाली बसवण्याच्या लायकीचं आहे. दुर्दैवानं ते आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मीटरवाल्यांचं आहे. त्यांचा पुतळा होण्याची चिन्हं नाहीत. शिवाय ते वाक्य त्यांनी उच्चारलं तेव्हा चहात बुडवलेलं बिस्किट तुटून कपाच्या तळाशी गेलं होतं आणि ते चमच्यानं त्याचा शोध घेत होते.

मीटरवाले म्हणजे घरोघरची विजेची मीटरं वाचण्यात हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. समोर त्यांची बायको रुमाल घेऊन टीव्हीपुढे बसली होती. टीव्हीवर कुणीतरी रडत होतं.

“काल रडत होती तीच बाई आज रडतेय,” मीटरवाले म्हणाले.

“कालची उंच होती. आजची बुटकी आहे. डोळे फुटले का तुमचे?”

“उंचीचं मी बोलतच नाहीये. आवाज तोच आहे.”

“जन्मभर मीटरं वाचलीत तुम्ही. बायकांचं तुम्हाला काय कळतं?”

तेव्हा मीटरवाल्यांनी चमचा खाली ठेवला आणि ते सुरुवातीचं वाक्य उच्चारलं. बायकोनं ते ऐकलं नाही. तिथं नायिकेचा मुलगा ताप येऊन मरत होता, त्यापुढे नवऱ्याच्या वाक्याला कोण विचारतो?

गंमत अशी, की मीटरवाल्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. कालची उंच आणि आजची बुटकी, दोघींच्या वतीनं एकच बाई रडली होती. आणि ती बाई त्या घटकेला त्यांच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, एकटी बसून मटार सोलत होती.

त्यांना स्टुडिओत हुंदकेबाई म्हणत. आपणही तेच म्हणू.

सिनेमातल्या नायिका रडतात कशा, याचा आपण कधी विचार करत नाही. दिसायला त्या फार सुंदर रडतात. ऐकायला मात्र त्यातल्या बहुतेकींचं रडणं हा जनतेवर अन्याय असतो. एक फार नावाजलेली नटी रडायला लागली की बदकाच्या मागे कुत्रं लागल्यासारखा आवाज यायचा. मग चित्रीकरण संपल्यावर हुंदकेबाईंना बोलावणं जाई. जाड दाराची बंद खोली, एक माइक, कानाला हेडफोन, समोर पडद्यावर नायिका ओठ थरथरवते आहे. हुंदकेबाई तिच्या ओठांवर नजर ठेवून नेमक्या तिथं रडत. वाक्यं नटीची, हुंदके बाईंचे. बाहेर कुठं बोलायचं नाही हा अलिखित करार. बक्षिसं नटीला मिळत. बाईंना त्याचं काही नव्हतं. बक्षीस घेताना त्या नट्या ज्या रडत, ते ऐकून त्यांना स्वतःचं महत्त्व नव्यानं पटे.

या कामाचे नियम कडक. पोट रिकामं हवं, कारण माइकला हुंदका आणि आतड्यांची गुरगुर सारखीच प्रिय असते. कपडे मऊ सुती, सळसळ नको. चपला दाराबाहेर. शेजारी कोमट पाण्याचा पेला. आणि सगळ्यांत मोठा नियम: डोळ्यांत पाणी आणायचं नाही. पाणी आलं की नाक बंद होतं, नाक बंद झालं की आवाज बसतो, आवाज बसला की पुढच्या नायिकेच्या मेलेल्या बापासाठी कोण रडणार? तेव्हा हुंदकेबाई रडत त्या ठणठणीत कोरड्या. दाबलेला हुंदका, फुटलेला हुंदका, उचकीचा, उशीतला. उशीतल्या हुंदक्यासाठी त्या घरूनच उशी नेत. स्टुडिओतल्या उशीत त्यांना दुसऱ्यांच्या तेलाचा वास येई. रोज सकाळी पिशवीत उशी घालून कामाला जाणारी बाई बघून इमारतीनं परस्पर ठरवून टाकलं होतं, की हिला सुखाची पक्की नोकरी आहे.

काचेपलीकडे यंत्रापाशी जो माणूस बसे तो ध्वनिमुद्रक, म्हणजे त्यांचा नवरा. लग्न तिथंच जमलं होतं. हा माणूस बोलण्याच्या बाबतीत इतका चिक्कू, की लोक त्याला मुका समजून हातवारे करत. दिग्दर्शक ‘ओके’ म्हणे, तो सगळ्यांनाच म्हणे. ध्वनिमुद्रकाला हुंदका मनापासून पटला, तर तो बटण दाबून हेडफोनमध्ये फक्त एवढंच म्हणे: “हं.” हुंदकेबाई त्या ‘हं’साठी रडत. दिग्दर्शकाचं काय, त्याला घरी जायची घाई असते.

घरीही तेच. बाईंची आई गेली तेव्हा, मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा, आणि एकदा नुसतंच, काही कारण नसताना, बाई घरात रडल्या होत्या. खरं रडणं. तेव्हा तो दुसऱ्या खोलीतून यायचा, मान तिरकी करून दारात उभा राहायचा, ऐकायचा आणि पाणी कोमट करायला ठेवायचा.

“तुम्हाला कसं कळतं, खरं की खोटं?” त्यांनी एकदा विचारलं होतं.

“खरं वाईट असतं,” तो म्हणाला. “श्वास चुकीच्या जागी येतो. मी तर कापूनच टाकला असता.”

नवरा-बायकोतलं याहून गोड बोलणं हुंदकेबाईंनी सिनेमातसुद्धा ऐकलं नव्हतं.

तो दोन वर्षांपूर्वी गेला. झोपेत, आवाज न करता, म्हणजे स्वभावाला धरून.

निरोप द्यायला स्टुडिओतले सगळे आले होते. मीटरवालीणबाई, चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिका, इमारतीतली मंडळी भिंतीला टेकून उभी होती. हुंदकेबाई उशाशी बसल्या होत्या. मग त्यांच्या तोंडून एक हुंदका फुटला. खोली गप्प झाली. आणि त्या शांततेत मागे बसलेला म्हातारा दिग्दर्शक, ज्यानं त्यांच्याकडून चाळीसेक वर्षं हुंदके घेतले होते, तो बिचारा गहिवरून, डोळे मिटून, निव्वळ सवयीनं पुटपुटला:

“ओके.”

हुंदकेबाई थांबल्या. ‘ओके’ झालं की थांबायचं आणि पाणी प्यायचं, हे हाडात मुरलेलं. त्या थांबल्या, त्यांनी आजूबाजूला पेला शोधला. दिग्दर्शकानं जीभ चावली, पण झालं ते झालं. बाईंना पुढे रडूच आलं नाही. भिंतीला टेकलेल्या इमारतीनं एवढंच पाहिलं, की ही बाई एकदा रडली आणि बटण बंद केल्यासारखी गप्प झाली.

“घट्ट आहेत हो,” मीटरवालीणबाई जिना उतरताना म्हणाल्या. त्यानंतर इमारतीत तेच मत कायम झालं.

त्यानंतर घरी एकट्या असताना त्यांनी रडून बघितलं नाही असं नाही. पलंगाच्या कडेला बसून सुरुवात करायच्या. बाहेर यायचा तो उत्तम प्रतीचा, दाबलेला, श्वास जागच्या जागी असलेला हुंदका. तो ऐकून त्यांचाच कान म्हणायचा, छान, पहिल्याच झटक्यात आला. मग त्यांना लाज वाटे आणि त्या उठून भांडी घासत. इतक्या परक्या नायिकांचे इतके नवरे त्यांनी रडून पोचवले होते. स्वतःच्या एका नवऱ्यासाठी मात्र त्यांना रडता येईना. जगात त्यांना दुसरं काही नको होतं. एकदा, एकदाच, वाईट रडता यावं.

बाकी दिवस जात होते. कर्ज हवंय का असं विचारणारा फोन आला तर बाई त्या मुलीशी अर्धा तास बोलत. तुझं जेवण झालं का, घरी कोण कोण असतं, आवाज बसलाय तुझा, कोमट पाणी पी. शेवटी मुलगीच म्हणे, “मावशी, ठेवू का? मला अजून खूप जणांना कर्ज द्यायचंय.” स्वयंपाकघरात फ्रिजचा घूं असा आवाज येई, तो बंद झाला की बाईंना चुकल्यासारखं वाटे. सोफ्याचा एक कोपरा बाईंच्या बसण्यानं खोल झाला होता, दुसरा नव्यासारखा होता, आणि बाई मुद्दाम जागा बदलून बसत नसत.

अशात एका टीव्ही चॅनेलला अवदसा आठवली. त्यांनी प्रेक्षकांची मतं मागवून ‘सगळ्यांत जास्त रडवणारे दहा सिनेमे’ निवडले आणि रोज दुपारी एक, असे दहाव्यापासून पहिल्यापर्यंत दाखवायला काढले. दहांतले सात हुंदकेबाईंचे होते. उरलेल्यांपैकी एकात मुकी नायिका होती. एकात कुत्रा होता. तो स्वतःच रडला होता आणि चांगला रडला होता, असं बाईंचं व्यावसायिक मत होतं. एकात नायकानं हट्टानं स्वतः रडून घेतलं होतं, तो दहावा आला होता.

इमारत दुपारी जेवून, रुमाल घेऊन रडायला बसू लागली. भिंती अशा पातळ, की पहिल्या मजल्यावर शिंक आली तर चौथ्यावरून औषध सुचवत. चारी बाजूंनी हुंदकेबाईंना त्यांचाच आवाज ऐकू यायचा. डावीकडून त्या विधवा होत, उजवीकडून अर्ध्या सेकंदानं पुन्हा विधवा होत. सगळ्यांत मोठा आवाज खालून, मीटरवाल्यांकडून.

तिसऱ्या दिवशी त्या खाली गेल्या.

“ताई, टीव्हीचा आवाज जरा कमी करता का?”

मीटरवालीणबाईंचे डोळे सुजून भज्यांएवढे झाले होते. “कसा करू? रिमोटचे सेल गेलेत. हे रोज सेल आणायला जातात आणि रोज पेपर घेऊन येतात.”

“पेपरात सेलची जाहिरात होती,” आतून मीटरवाले म्हणाले.

“टीव्हीला पण बटणं असतात ना?”

“असतात. ती कुठं असतात ते कंपनीला माहीत. आम्ही भिंतीवरच्या बटणानं चालू करतो आणि भिंतीवरच्या बटणानं बंद. वहिनी, तुम्ही बघत नाही का हो ते सिनेमे?”

“नाही.”

“बघा एकदा. दगडाला पाझर फुटेल.” मग दार लावता लावता, पण दार लागायच्या आत, “दगडाला म्हटलं हो मी. त्यांचं काय सांगावं!”

जिन्यात उभ्या राहून हुंदकेबाईंनी ते ऐकलं. आतून त्यांच्याच हुंदक्यावर मीटरवालीणबाई धाय मोकलून रडू लागल्या. बाई वर आल्या.

पहिला नंबर कुठल्या सिनेमाला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. बंदरावरचा प्रसंग असलेला. गरीब आई पोटचं पोर श्रीमंतांच्या हवाली करते, बोट सुटते, आई धक्क्यावर उभी राहून बोट ठिपका होईपर्यंत बघते आणि मग तो हुंदका. त्या हुंदक्यावर पिढ्यांनी रुमाल भिजवले होते. हुंदकेबाईंना मात्र त्या हुंदक्याचं काही नव्हतं. त्यांना माहीत होतं ते त्याच्यानंतरचं.

त्या दिवशी ध्वनिमुद्रण करताना असा हुंदका आला होता, की काचेपलीकडे नवऱ्याचा तोल गेला. आयुष्यात एकदाच. हुंदका पुरता संपायच्या आत त्यानं बटण दाबलं आणि म्हणाला, “हं.” ते हेडफोनमधून निसटून माइकमध्ये गेलं आणि हुंदक्याच्या शेपटाला चिकटलं. पुन्हा घ्यावं, तर असा हुंदका पुन्हा येणं नाही. कापावं, तर हुंदक्याचं शेपूट जाणार. मग त्यानं ते तसंच राहू दिलं आणि वर लाटांचा आवाज टाकला. सिनेमा लागला. एका मोठ्या समीक्षकानं लिहिलं, की ‘धक्क्यावरच्या त्या अदृश्य, वृद्ध नावाड्याच्या एका हुंकारात अखिल मानवजातीची हतबलता साठली आहे.’ बाईंनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. अखिल मानवजातीनं वर्तमानपत्राकडे बघितलं आणि म्हटलं, “हं.”

आणि मुद्दा असा, की जन्मभर जगाचे आवाज मुद्रित करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज कुठंच नव्हता. फोनवर तो बोलायचा नाही. लग्नात कुणी रेकॉर्डर पुढे केला तर तो यंत्र तपासून परत द्यायचा. तो गेल्यावर बाईंनी घर पालथं घातलं होतं. परक्यांचे आवाज खोकी भरून निघाले, पक्ष्यांचे, दारांचे, पावलांचे. त्याचा नाही. सगळ्या जगात त्याचं काही उरलं असेल, तर ते धक्क्यावरचं एक ‘हं’.

म्हणून दहाव्या दिवशी जेवण झाल्यावर हुंदकेबाईंनी टीव्हीवरचा कपडा काढला. टीव्ही लागला. त्यावर एक निळी पाटी आली. आपली जोडणी बंद आहे, कृपया संपर्क साधा. दोन वर्षांत त्यांनी तो लावलाच नव्हता, जोडणी बिचारी वाट बघून गेली होती.

खाली जाता आलं असतं. पण खाली मीटरवाल्यांकडे चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिका आल्या होत्या, त्यांची नणंद आली होती. सगळ्याजणी रुमाल घेऊन बसणार, आणि अर्धा डोळा पडद्यावर, दीड डोळा आपल्यावर. दगडाला पाझर फुटतो का ते बघायला. तिथं ‘हं’ ऐकायचं?

हुंदकेबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांनी उशी आणली. तीच ती. बैठकीच्या खोलीत, खाली मीटरवाल्यांचा टीव्ही जिथं असेल त्याच्या अंदाजानं ती फरशीवर ठेवली. पण उशीतून ऐकू येईना. उशीचं काम आवाज दाबण्याचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! मग उशी बाजूला सारून त्या तशाच आडव्या झाल्या आणि त्यांनी कान थेट गार फरशीला लावला. भर दुपारी, साठी उलटलेली बाई, चष्मा काढून जमिनीवर. कुणी पाहिलं असतं तर डॉक्टरला फोन केला असता.

सिनेमा मोठा होता. बाईंचा कान बधिर झाला, मग त्यांनी दुसरा लावला. पोर आजारी पडलं, बरं झालं, श्रीमंत आले, मोटारीचं दार वाजलं. (ते दार म्हणजे स्टुडिओतलं लोखंडी कपाट, हे त्यांना आठवलं.) मग लाटा. मग बोटीचा भोंगा. खाली मीटरवालीणबाईंनी आगाऊच सुरुवात केली होती, त्यांना कुणीतरी गप्प केलं. आणि मग तो हुंदका आला. फरशीतून, भिंतीतून, वरून, खालून. चार घरांतून, जरा जरा मागेपुढे.

आणि त्याच्या शेवटाला, लाटांच्या खाली, गालाखालच्या फरशीतून, अगदी जवळून:

“हं.”

मग डावीकडून, “हं.” मग वरून कुठून तरी, “हं.”

हुंदकेबाई उठून बसल्या नाहीत. त्या तिथंच पडून राहिल्या, आणि त्यांच्या आतून जे निघालं त्याला हुंदका म्हणणं धाडसाचं आहे. ते बदकासारखं होतं, कुत्र्यासारखं होतं, बादली ओढल्यासारखं होतं. श्वास नको तिथं येई आणि हवा तिथं येईना. डोळ्यांतून पाणी आलं, ते नाकाच्या दांडीवरून आडवं वाहत फरशीवर गेलं. नाक बंद झालं. आवाज बसला. सगळे नियम मोडले. मधेच एकदा त्यांना उचकी लागली आणि उचकीतच रडू फुटलं, असं रडणं कुठल्याही दिग्दर्शकानं हाकलून दिलं असतं.

खाली, धक्क्यावरचा हुंदका संपल्याबरोबर जाहिरात लागली. एक हसरी बाई साबण दाखवू लागली. शिक्षिकांनी नाक पुसलं. मीटरवालीणबाईंनी चहा टाकायला म्हणून उठता उठता वर बघितलं.

“अगंबाई, वर अजून चालूच आहे.”

“त्यांच्याकडे उशिरा लागलं असेल,” शिक्षिकांची नणंद म्हणाली.

“अर्ध्या सेकंदाचा उशीर असतो,” मीटरवाले म्हणाले. “हा साबण संपून तेल लागलं.”

“मग दुसरा सिनेमा बघत असतील.”

“बाई तीच आहे.”

“झालं यांचं सुरू! तीच तर तीच. दोन चॅनेलांवर रडत असेल. बायकांना कमी का कामं असतात?”

मीटरवाल्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. छतातून आलेल्या एका उचकीनं त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते उठले आणि त्यांनी चपला घातल्या.

“कुठं निघालात?”

“सेल आणायला,” ते म्हणाले आणि वर गेले.

दार उघडायला वेळ लागला. हुंदकेबाईंनी तोंड पुसलं होतं, पण डाव्या गालावर फरशीच्या सांध्याची आडवी रेघ उमटली होती, नाक लाल होतं आणि चष्मा उलटा धरला होता.

“वहिनी,” मीटरवाले म्हणाले, “आमच्याकडे तेल लागलं.”

“काय लागलं, भाऊजी?” आवाज पार बसला होता.

“जाहिरात. तुमच्याकडे मात्र अजून रडारड चालू होती. म्हटलं बघावं, यांना बिनजाहिरातीचं कनेक्शन मिळालंय की काय.” बोलता बोलता त्यांची नजर आत गेली. टीव्हीवर निळी पाटी होती. जमिनीवर उशी होती. फरशीवर एक ओलं थारोळं होतं, लहानसं.

“टीव्ही बंदच आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“मग आत्ता जे वाजत होतं…”

“मी होते.”

“हां.” त्यांनी मान हलवली. मग मान थांबली. “पण आवाज तर तिचाच होता. खालच्या बाईचा.”

हुंदकेबाईंनी चष्मा सरळ करून लावला. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नटी केव्हाच वारली होती, दिग्दर्शक कानानं अधू झाला होता, करार सांभाळायला आता उरलं होतं कोण?

“तीही मीच,” त्या म्हणाल्या. “कालची पण. परवाची पण. त्या कुत्र्याची तेवढी नाही.”

मीटरवाले पायपुसण्यावर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक एक दिवा लागत गेला. आणि शेवटी जो लागला तो विजयाचा होता.

“म्हणजे मी हिला सांगत होतो ते बरोबर होतं!” ते वळलेसुद्धा जिन्याकडे. “अगं ए…” मग त्यांना बाईंचं नाक दिसलं. ते परत वळले, हाक गिळली आणि म्हणाले, “सांगीन नंतर. काही घाई नाही.”

“भाऊजी, मग तुम्ही वर का आलात? आवाज तोच होता तर.”

“तोच कसा? म्हणजे बाई तीच, पण…” ते अवघडले. “राग नका मानू. खालची फार सुरेख रडते हो. वरची अगदीच वाईट रडत होती. मधेच अडकायची, भलतीकडेच श्वास घ्यायची. एकदा तर मला वाटलं कुणी टेबल सरकवतंय. असं कुठल्या सिनेमात ठेवतील?”

हुंदकेबाईंनी दार पुरतं उघडलं.

“आणि आमच्या नोकरीत एक होतं,” मीटरवाले म्हणाले, बोलायला काहीतरी हवं म्हणून. “घराला कुलूप आहे, माणसं गावाला गेलीत, आणि मीटर मात्र फिरतंय. तर नुसता आकडा टिपून पुढं जायचं नाही. दार वाजवून बघायचं. बऱ्याचदा फ्रिजच असायचा.”

“वाईट होतं?” हुंदकेबाईंनी विचारलं.

“हो. म्हणजे, खरं सांगायचं तर, फारच.”

यावर हुंदकेबाई हसल्या, आणि हसता हसता पुन्हा तसल्याच वाईट पद्धतीनं त्यांना रडू फुटलं. मीटरवाले घाबरले. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणलं. नळाचं, गार. कोमट करतात हे त्या बापड्याला काय माहीत! बाई ते गारच प्यायल्या. घशाची काळजी आता कुणासाठी करायची होती? पेला हातात धरून त्या सोफ्यावर बसल्या, आणि गडबडीत दुसऱ्या, नव्यासारख्या कोपऱ्यात बसल्या. बसल्यावर ते लक्षात आलं. उठल्या नाहीत.

मग त्यांनी मीटरवाल्यांना लाटांखालच्या त्या ‘हं’चं सगळं सांगितलं. मीटरवाले दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “म्हणजे तो नावाडी नव्हता तर. आम्हाला नेहमी वाटायचं, हा म्हातारा पोराला थांबवत का नाही.”

खालून तेल, साबण, विमा सगळं संपून सिनेमा पुन्हा सुरू झाला. दोघंही थोडा वेळ ऐकत राहिले. आई म्हातारी झाली होती, पोर मोठं झालं होतं आणि ओळखत नव्हतं. खाली मीटरवालीणबाई मोठ्यानं रडत होत्या.

“उद्या सकाळी परत दाखवणार आहेत,” मीटरवाले म्हणाले.

“भाऊजी, उद्या आवाज तसाच मोठा राहू द्या. मी मागं तक्रार केली होती, ती विसरा.”

“मोठा कशाला? तुम्ही खालीच या. या सगळ्याजणींना मी सकाळी कुठंतरी पाठवतो. भाजी आणायला.” ते उठले. “फरशीवर कान लावून सांधे धरतील तुमचे.”

“येईन,” हुंदकेबाई म्हणाल्या.

मीटरवाले दारापर्यंत गेले. तिथं ते थांबले, वळले, चौकटीला हात धरून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. दुःखाबद्दलचं ते थोर वाक्य त्यांना आठवलं असावं, आणि आता ते ऐकायला, समजून घ्यायला, जगात पहिल्यांदाच योग्य माणूस समोर बसला होता. हुंदकेबाईंनी पेला खाली ठेवला आणि मान जराशी तिरकी करून त्या ऐकू लागल्या.

“वहिनी,” मीटरवाले म्हणाले, “तुमचा टीव्ही तर बंदच आहे. रिमोटमधले सेल दिलेत तर बरं होईल. मी ते आणायलाच निघालोय, असं हिला सांगून आलोय.”